एकच लेख, अनेक पत्ते: ब्लॉगवरची डुप्लिकेट पानं कशी ओळखायची आणि कशी दुरुस्त करायची?

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या ब्लॉगसाठी सगळ्यात धावपळीचे असतात. उकड किती मळायची, कळ्या कशा पाडायच्या, मोदक फुटू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं लोक याच दिवसांत शोधतात.

समजा, एका ब्लॉगवर उकडीच्या मोदकांचा सविस्तर लेख आहे. फोटो स्वतः काढलेले, प्रमाण नीट दिलेलं. पण गूगलवर शोधलं की हा लेख येतच नाही. त्याऐवजी त्याच ब्लॉगचं 'मोदक' या टॅगचं पान दिसतं. वाचक ते उघडतो, समोर आठ लेखांची यादी येते आणि तो मागे फिरून दुसऱ्या कुणाची तरी रेसिपी वाचतो.

लेख चांगला आहे, ब्लॉगही सुरू आहे. मग अडलं कुठे? बऱ्याचदा उत्तर असतं डुप्लिकेट पानं. म्हणजे एकच मजकूर ब्लॉगवर अनेक पत्त्यांवर उपलब्ध असणं.

ही अडचण सोडवता येते. पण घाईत चुकीचा उपाय केला, तर जास्तीच्या पानांबरोबर मूळ लेखही सर्चमधून गायब होऊ शकतो. म्हणून आधी अडचण समजून घेणं महत्त्वाचं आहे.

डुप्लिकेट पान म्हणजे नेमकं काय?

आपण लेख मोजतो, सर्च इंजिन पत्ते मोजतं. हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं सोपं होतं.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मोदकांचा लेख एकच आहे. पण सर्च इंजिनसाठी प्रत्येक वेगळा यूआरएल हे सुरुवातीला वेगळं पान असतं. 'उदाहरण.भारत/मोदक' आणि त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ असलेला पत्ता हे तांत्रिकदृष्ट्या दोन पत्ते आहेत. सुरुवातीला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेला आणि नसलेला पत्ताही वेगळा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस हेसुद्धा वेगळे. फक्त शेवटच्या दोन गोष्टींमुळेच एका लेखाचे चार पत्ते तयार होतात.

गूगलचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, हे पत्ते वाचतो. मजकूर सारखाच किंवा जवळपास सारखा दिसला, तर गूगल त्या पानांचा एक गट करतं आणि त्यातलं एक पान मुख्य म्हणून निवडतं. या मुख्य पानाला 'कॅनॉनिकल' म्हणतात. सर्चमध्ये सहसा हेच पान दाखवलं जातं. बाकीची पानं मागे पडतात आणि क्रॉलरही त्यांच्याकडे कमी वेळा फिरकतो.

मुख्य पान कोणतं, हे ब्लॉग चालवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं नाही तर निवड गूगल स्वतः करतं. ती निवड दर वेळी आपल्या मनासारखी असेलच असं नाही.

यासाठी गूगल शिक्षा करतं का?

डुप्लिकेट मजकूर असला की गूगल 'पेनल्टी' लावतं, हा ब्लॉग लिहिणाऱ्यांमध्ये पसरलेला सगळ्यात जुना गैरसमज आहे. तो खोडून काढणारा खुलासा गूगलने २००८ मध्येच केला होता. गूगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी २०१३ मध्ये एका व्हिडिओत सांगितलं होतं की, वेबवरचा साधारण २५ ते ३० टक्के मजकूर डुप्लिकेटच असतो. त्या सगळ्यांना शिक्षा करायची, तर सर्च चालणारच नाही.

शिक्षा होते ती फसवणुकीच्या हेतूने इतरांचा मजकूर उचलून पानांचा ढीग उभा करणाऱ्यांना. स्वतःच्या ब्लॉगवर नकळत तयार झालेली जास्तीची पानं त्यात मोडत नाहीत.

पण शिक्षा नाही म्हणजे नुकसान नाही, असंही नाही. ते मुख्यतः दोन प्रकारचं असतं. एक, चुकीचं पान मुख्य ठरतं, जसं मोदकांच्या बाबतीत झालं. दोन, लेखाला मिळालेल्या लिंक विभागल्या जातात. कुणी एका पत्त्याची लिंक दिली, कुणी दुसऱ्या. गूगलने दोन्ही पत्ते एकाच गटात धरले तर हे श्रेय एकत्र होतं. नाही धरले तर दोन्ही पानं अर्धवट ताकदीची राहतात.

'क्रॉल बजेट' संपतं, अशी भीतीही अनेकदा घातली जाते. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार हा विषय प्रामुख्याने दहा लाखांहून जास्त पानं असलेल्या किंवा रोज बदलणारी दहा हजारांहून जास्त पानं असलेल्या साइटसाठी आहे. दोन-तीनशे लेखांच्या ब्लॉगने त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

ही जास्तीची पानं येतात कुठून?

बहुतेक वेळा ती कुणी मुद्दाम तयार केलेली नसतात. ब्लॉग चालवणारी यंत्रणाच ती बनवत असते.

*वर्डप्रेसवर:* एक लेख प्रकाशित केला की तो कॅटेगरीच्या पानावर, प्रत्येक टॅगच्या पानावर, लेखकाच्या पानावर आणि महिन्याच्या आर्काइव्हमध्येही दिसतो. थीम या पानांवर लेखाचा फक्त सारांश दाखवत असेल तर फारसं बिघडत नाही. पूर्ण लेख दाखवत असेल, तर तोच मजकूर पाच-सहा ठिकाणी जातो. ब्लॉगवर एकच जण लिहीत असेल, तर लेखकाचं पान आणि ब्लॉगचं मुख्य पान जवळपास सारखंच होतं. पूर्वी प्रत्येक फोटोसाठीही एक स्वतंत्र पान तयार व्हायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ६.४ पासून नव्या साइटवर ही सोय मुळातच बंद असते. जुन्या ब्लॉगवर मात्र ती सुरू असू शकते.

*ब्लॉगरवर:* मोबाइलवरून लेख उघडला की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'एम=१' असं शेपूट जोडलं जातं. तीच लिंक लोक पुढे पाठवतात. ब्लॉगरच्या नेहमीच्या थीममध्ये मुख्य पत्ता कोणता हे सांगणारी खूण आधीपासून असते, त्यामुळे गोंधळ होत नाही. बाहेरून घेतलेल्या फुकट थीममध्ये ती खूण काढून टाकलेली असू शकते.

*शेअर केलेल्या लिंकवर:* फेसबुकवरून आलेल्या वाचकाच्या लिंकमागे 'एफबीसीएलआयडी' नावाचं लांबलचक शेपूट असतं. जाहिरात किंवा न्यूजलेटरच्या लिंकला 'यूटीएम'चं शेपूट असतं. पान तेच, पत्ता वेगळा.

*ब्लॉग हलवल्यावर:* ब्लॉगरवरचे सगळे लेख वर्डप्रेसवर नेले, पण जुना ब्लॉगही तसाच सुरू ठेवला, तर दोन पूर्ण साइट एकमेकींच्या नकला होतात. अनेक वर्षांच्या लिंक जुन्या पत्त्याकडे असल्यामुळे सर्चमध्ये जुना ब्लॉगच पुढे राहू शकतो.

मराठी ब्लॉगच्या खास अडचणी

काही गोष्टी मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला जास्त येतात.

पहिली अडचण टॅगची. 'किल्ला', 'किल्ले', 'गडकिल्ले' आणि 'गड-किल्ले' हे चार टॅग म्हणजे चार पानं आणि चारही पानांवर जवळपास तेच लेख. 'रेसिपी' आणि 'रेसीपी' या ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही दोन पानं होतात. त्याहून फसवा प्रकार म्हणजे 'भाकऱ्या'सारख्या शब्दातला अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे वाटतात. कीबोर्ड बदलला की सारखाच दिसणारा दुसरा टॅग तयार झालेला असतो.

दुसरी अडचण पत्त्याची. ब्लॉगर मराठी शीर्षकातून आपोआप पत्ता तयार करू शकत नाही. मग पत्त्यात फक्त 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा येतो. तो पत्ता नंतर खटकतो, म्हणून काही जण तोच लेख नव्याने चांगल्या पत्त्यावर टाकतात आणि जुना काढायला विसरतात.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारतं, पण आतमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ जागा घेतं. काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हंही वेगळी मोजली जातात. पत्त्याच्या या भागाला २०० जागांची मर्यादा असल्याने साधारण २२ चिन्हांनंतर तो कापला जातो. लांब शीर्षकांची सुरुवात सारखी असेल, तर दुसऱ्या लेखाच्या पत्त्यामागे 'वजा दोन' लागतं. पण तो आकडा दिसला म्हणजे लेख डुप्लिकेट आहेच असं समजून तो उडवू नये. आधी दोन्ही लेख उघडून पाहावेत.

तिसरी अडचण दरवर्षीच्या लेखांची. 'गणेश चतुर्थी मुहूर्त २०२३', मग २०२४, मग २०२५. तारीख आणि वेळ सोडली तर माहिती, पूजेचं साहित्य, कथा सगळं तेच. अशी पानं एकमेकांशीच स्पर्धा करतात.

एक दिलासाही आहे. तोच लेख मराठीत आणि हिंदीत खरोखर अनुवाद करून दिला, तर गूगल त्याला डुप्लिकेट मानत नाही. फक्त मेन्यू आणि शीर्षक बदललं आणि मजकूर तोच ठेवला, तर मात्र मानू शकतं.

आपल्या ब्लॉगवर किती डुप्लिकेट पानं आहेत, हे कसं पाहायचं?

यासाठी गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन पुरेसं आहे. ब्लॉग आपलाच आहे हे तिथे एकदा सिद्ध करावं लागतं. त्यानंतर 'पेजेस' या अहवालात कोणती पानं इंडेक्स झाली आणि कोणती का झाली नाहीत, याची यादी दिसते. त्यातल्या तीन नोंदी महत्त्वाच्या आहेत.

- 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग': हे पान दुय्यम आहे आणि मुख्य पान कोणतं ते गूगलला नीट कळलं आहे. यात सहसा काहीच करायचं नसतं.
- 'डुप्लिकेट विदाउट यूझर-सिलेक्टेड कॅनॉनिकल': मुख्य पान कोणतं हे ब्लॉगने सांगितलेलं नाही, म्हणून गूगलने स्वतः ठरवलं. इथे लक्ष घालावं.
- 'डुप्लिकेट, गूगल चोज डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूझर': ब्लॉगने एक पान सांगितलं, गूगलने दुसरं निवडलं. इथे सगळ्यात आधी लक्ष घालावं.

'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये एखाद्या लेखाचा पत्ता टाकला, तर आपण सांगितलेला आणि गूगलने निवडलेला असे दोन्ही मुख्य पत्ते दिसतात. ते जुळत असतील, तर तो लेख सुरक्षित आहे. यादीत शेकडो पानं दिसली तरी घाबरण्याचं कारण नाही. सगळ्यात जास्त वाचले जाणारे दहा-वीस लेख आधी तपासावेत.

दुरुस्ती कशी करायची?

१. एक पत्ता ठरवा. एचटीटीपीएस असलेला एकच प्रकार निवडा. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' ठेवायचं की नाही ते एकदाच ठरवा. दोन्हीपैकी कोणताही चालतो, पण मधेच बदलू नका.

२. ज्या पानाची गरजच नाही, ते रिडायरेक्ट करा. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला आणि क्रॉलरला नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी पाठवण्याला '३०१ रिडायरेक्ट' म्हणतात. गूगलसाठी ही ठाम खूण असते. चुकून दोनदा टाकलेले लेख, जुने पत्ते, एचटीटीपीवरची पानं यांना हाच उपाय. वर्डप्रेसमध्ये लेखाचा पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावरून रिडायरेक्ट बहुतेक वेळा आपोआप होतं. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये त्याच ब्लॉगपुरतं रिडायरेक्ट लावता येतं आणि एचटीटीपीएस सक्तीचं करता येतं.

३. ज्या पानाची वाचकाला गरज आहे, त्यावर कॅनॉनिकल टॅग ठेवा. मोबाइलचा पत्ता किंवा शेपूट लागलेल्या लिंक बंद करता येत नाहीत. अशा वेळी पानाच्या कोडमध्ये, 'हेड' या भागात, मुख्य पत्ता लिहिणारी एक ओळ असते. हाच कॅनॉनिकल टॅग. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून त्याला मान्यता दिली. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या वर्डप्रेस २.९ पासून लेखांवर हा टॅग आपोआप लागतो. योस्ट, रँक मॅथ यांसारखे प्लगइनही तो लावतात. त्यामुळे बहुतेकांना तो लिहावा लागत नाही, बरोबर आहे का एवढंच तपासावं लागतं. पत्ता पूर्ण हवा आणि एका पानावर टॅग एकच हवा.

४. टॅग आवरा. सारख्या अर्थाचे टॅग एकत्र करा. एकच लेख असलेले टॅग काढून टाका. आर्काइव्हच्या पानांवर पूर्ण लेखाऐवजी सारांश दाखवा. एकट्याने लिहीत असाल तर लेखकाचं आर्काइव्ह बंद करा. टॅगची पानं वाचकाला उपयोगी आहेत, पण सर्चमध्ये नकोत असं वाटत असेल, तर त्यांना प्लगइनमधून 'नोइंडेक्स' लावता येतं.

५. वर्षागणिक लेखांचं एकच पान करा. पत्त्यातून वर्ष काढा आणि दरवर्षी तोच लेख अद्ययावत करा. जुन्या वर्षांची पानं त्याकडे रिडायरेक्ट करा. म्हणजे आधीच्या लिंकचा फायदा नव्या वर्षीही मिळतो.

६. स्वतःच्या लिंक आणि साइटमॅप जुळवा. ब्लॉगमधल्या लेखांतून दिलेल्या लिंक मुख्य पत्त्याच्याच हव्यात. साइटमॅपमध्येही तोच पत्ता हवा. कॅनॉनिकल टॅग एक सांगतो आणि ब्लॉगवरच्या लिंक दुसरंच सांगतात, अशी स्थिती असेल तर गूगल आपल्या मनाने ठरवतं. कॅनॉनिकल टॅग ही सर्च इंजिनला दिलेली ठाम सूचना असते, हुकूम नव्हे.

ब्लॉग हलवला असेल, तर जुना आणि नवा दोन्ही सुरू ठेवू नयेत. जुन्या ब्लॉगवरून रिडायरेक्ट शक्य नसेल, तर त्याच्या थीममध्ये प्रत्येक लेखाचा कॅनॉनिकल टॅग नव्या पत्त्याकडे वळवता येतो. हे काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

मूळ लेखच गायब करणाऱ्या चुका

रोबॉट्स फाइलमधून पानं अडवणं. डुप्लिकेट पानं दिसली की अनेक जण 'रोबॉट्स.टीएक्सटी' या फाइलमध्ये ती बंद करून टाकतात. यामुळे क्रॉलरला ते पान वाचताच येत नाही. ते डुप्लिकेट आहे हे त्याला कळत नाही आणि त्यावरचा कॅनॉनिकल किंवा नोइंडेक्स टॅगही दिसत नाही. बाहेरून लिंक असेल, तर अडवलेलं पान मजकुराशिवाय तसंच सर्चमध्ये राहू शकतं. ब्लॉगरमध्ये लेबलची पानं मुळातच या फाइलमधून अडवलेली असतात. त्याबद्दल सर्च कन्सोलमध्ये दिसणाऱ्या नोंदींनी घाबरून जाऊन फाइल बदलू नये.

रिमूव्हल टूल वापरणं. सर्च कन्सोलमधलं पान हटवण्याचं साधन डुप्लिकेटसाठी नाही. ते पान साधारण सहा महिने लपवतं, पण त्यासोबत त्याच लेखाचे इतर प्रकारचे पत्तेही लपू शकतात. त्यात मुख्य पत्ताही आला.

सगळ्या लेखांचा कॅनॉनिकल मुख्यपृष्ठाकडे वळवणं. याचा अर्थ, एकही लेख स्वतंत्र नाही असं गूगलला सांगणं. थीमच्या कोडमध्ये एकच ओळ चिकटवल्याने ही चूक होते.

दोन एसइओ प्लगइन एकदम चालवणं. दोघांनी वेगवेगळे कॅनॉनिकल लावले, तर दोन्हींकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमधल्या चौकटीवर खूण करणं. सर्च इंजिनने ही साइट इंडेक्स करू नये, असं सांगणारी ती चौकट आहे. ती पूर्ण ब्लॉगला लागू होते.

दुसऱ्या कुणी लेख उचलला तर?

हा प्रश्न वेगळा आहे. कॅनॉनिकल टॅग आपल्या पानावर लागतो, चोरणाऱ्याच्या पानावर नाही. लेख परवानगीशिवाय छापला असेल, तर आधी त्या साइटला लिहावं. दाद मिळाली नाही, तर गूगलकडे कॉपीराइटचं उल्लंघन म्हणून कायदेशीर तक्रार करता येते. लेख पहिल्यांदा कधी प्रकाशित झाला याची नोंद, मूळ फोटो, मसुदे जपून ठेवलेले असतील तर बाजू मांडणं सोपं जातं.

परवानगी देऊन लेख मोठ्या साइटला देत असाल, तर आधीच बोलून घ्यावं. तिथून मूळ लेखाची लिंक असावी. सर्चमध्ये आपलाच लेख दिसावा असं वाटत असेल, तर त्यांच्या पानावर नोइंडेक्स लावायला सांगावं. गूगल आता अशा वेळी कॅनॉनिकलऐवजी हाच मार्ग सुचवतं, कारण दोन साइटवर पानाची मांडणी इतकी वेगळी असते की कॅनॉनिकलची सूचना पाळली जाईलच असं नाही.

परिणाम दिसायला किती वेळ लागतो?

दुरुस्ती केल्यावर क्रॉलर त्या पानांवर पुन्हा येईपर्यंत सर्चमध्ये काही बदलत नाही. महत्त्वाच्या लेखासाठी 'यूआरएल इन्स्पेक्शन'मधून पुन्हा इंडेक्स करण्याची विनंती करता येते. तरीही काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. या काळात परत परत सेटिंग बदलत राहिलं, तर कोणत्या बदलाने काय झालं हे कळत नाही.

म्हणूनच हे काम सणाच्या आदल्या आठवड्यात काढू नये. गणपतीत वाचक यावेत असं वाटत असेल, तर मोदकांच्या लेखाचा पत्ता आषाढातच तपासून ठेवावा. आणि सुरुवात करण्याआधी ब्लॉगचा पूर्ण बॅकअप घ्यावा. वर्डप्रेस आणि ब्लॉगर दोन्हीकडे त्याची सोय आहे.